‘जरा वर जाऊन बघ रे’ : शेडमालकांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या औद्योगिक वसाहतींमधले शेडमालक, कारखानदार आणि त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी

सप्रेम नमस्कार.

मे निम्मा सरला की आपल्याकडे सगळ्यांना एकदम छताची आठवण होते. मृग तोंडावर आलेला असतो. त्याआधीच एखाद्या दुपारी वळीव येतो, तासभर झोडपतो, दोन-चार पत्रे उचकटतो आणि नव्या मशीनच्या पॅनेलवर थेंब पडायला लागतात. बादल्या लागतात, प्लॅस्टिकचे कागद पांघरले जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी कुणाला तरी म्हणतं, "जरा वर जाऊन बघ रे, कुठनं गळतंय."

शिरोली असो, कुपवाड असो, भोसरी, सातपूर, वाळूज किंवा बुटीबोरी, शब्द थोडेफार इकडेतिकडे होतील. वाक्य हेच. मी सव्वीस वर्षं मेंटेनन्समध्ये काढली. हे वाक्य मी शेकडो वेळा बोललोय. एकदा ते महागात पडलं, आणि मला नाही, दुसऱ्याला. म्हणून हे पत्र.

ज्याला मी वर पाठवलं तो बावीस वर्षांचा हेल्पर होता. ठेकेदाराचा माणूस, लागून आठ महिने झालेले. आमच्या कोअर शॉपमध्ये, जिथे ओतकामाचे वाळूचे गाभे बनतात तिथे, वाळूच्या पोत्यांवर पाणी ठिबकत होतं. शिडी मीच धरली होती. त्यानं चपला शिडीच्या पायाशी काढून ठेवल्या, कारण अनवाणी पायाला पत्र्यावर पकड मिळते असं त्याला कुणीतरी शिकवलेलं. एका हातात डांबराचा डबा, कमरेला फडकं. वर पोचल्यावर म्हणाला, "साहेब, हितनं काय दिसंना. पलीकडं जातो." मी खालून ओरडलो, "बोल्टच्या लायनीवरनं चाल!"

तो बोल्टच्या लायनीवरनंच चालला. त्या लायनीत मध्ये एक फायबरचा पत्रा होता, उजेडासाठी बसवलेला. बारा वर्षांच्या धुरळ्यानं आणि भट्टीच्या काजळीनं तो बाकीच्या पत्र्यांसारखाच काळा झाला होता. बोल्ट त्यालाही होतेच.

ओरडण्याचा आवाज आला नाही. कडकन मोडल्याचा आवाज आला, आणि त्या अंधाऱ्या कोअर शॉपमध्ये एकदम उन्हाचा एक खांब उभा राहिला. त्यात धूळ फिरत होती. मी त्या उजेडाकडे बघत राहिलो, खाली बघायला मला दोन क्षण लागले.

अर्धा तो वाळूच्या पोत्यांवर पडला होता, म्हणून वाचला. खुबा मात्र ट्रॉलीच्या कडेवर आदळला. खुबा आणि मणक्याची दोन हाडं. दोन वर्षं अंथरुणात आणि फिजिओथेरपीत गेली. आता काठी घेऊन चालतो, गावात झेरॉक्सचं दुकान चालवतो. अपघाताच्या नोंदवहीत कारणाच्या रकान्यात लिहिलंय : ‘कामगाराने निष्काळजीपणे पत्र्यावर पाय दिल्याने’. अक्षर माझं आहे.

आता मला सांगा, त्या पोरानं ठरवलेलं त्यात काय होतं? वर जायचं मी ठरवलं. पत्रे ओले असताना सकाळी आठलाच जायचं, हेही मीच. फळी द्यायची नाही हे कुणी ठरवलंच नाही, ते आपोआप ठरलं, कारण आमच्याकडे फळी नव्हतीच. कुठला पत्रा सिमेंटचा आणि कुठला फायबरचा हे अख्ख्या कारखान्यात कुणालाच माहीत नव्हतं. मालकाला नाही, मला नाही, ठेकेदाराला तर नाहीच. त्या पोराच्या हातात फक्त पाय कुठे टाकायचा एवढंच होतं, आणि तेही मी खालून ओरडून सांगितलं होतं. तुमच्याकडच्या एखाद्या नोंदवहीतही ‘निष्काळजीपणा’ हा शब्द सापडेल. तो कुणी लिहिलाय आणि वर जायला कुणी सांगितलं होतं, हे एकदा ताडून बघा.

सिमेंटच्या पत्र्याबद्दल थोडं बोलू, कारण आपल्या जुन्या वसाहतींची बरीच छतं अजून त्याचीच आहेत. नवा सहा मिलिमीटरचा पत्रा हातात घेतला की दगडासारखा लागतो. बसवताना मिस्त्री त्यावरून चालले होते, मग आज का नाही, असं वाटतं. पण तो पत्रा पावसाचा, वाऱ्याचा आणि स्वतःचा भार पेलण्यासाठी असतो, माणसाच्या एका टाचेवर आलेल्या वजनासाठी नव्हे. दोन पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या आधारांमध्ये, साधारण साडेचार फुटांचं अंतर असतं. मधल्या भागात खाली काहीच नाही. त्यात पंधरा-वीस उन्हाळे-पावसाळे, शेवाळ, बोल्टच्या भोकापासून निघालेल्या केसासारख्या भेगा. वरून रंग मारला असेल तर भेगाही दिसत नाहीत. हा पत्रा आधी वाकून इशारा देत नाही. लोखंडी पत्रा कुरकुरतो, लवतो, माणसाला मागे सरायला एक क्षण तरी मिळतो. सिमेंटचा पत्रा धरतो, धरतो, आणि एकदम सोडतो.

बोल्टच्या लायनीवरून चालायचं हे जे आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकवत आलोय, त्यात इतकंच खरं आहे की बोल्टखाली पर्लिन असते. पण पर्लिनची रुंदी किती? दोन-तीन इंच. त्या पट्टीवर, उतारावर, हातात डबा घेऊन, डोंबाऱ्यासारखं चालायचं आणि एकदाही तोल जाऊ द्यायचा नाही, याला आपण सुरक्षित पद्धत म्हणतो. दोन शेडांच्या मधल्या पन्हळीतून चालणाऱ्याचं तेच. पन्हळ मजबूत असते, पण पालापाचोळा काढताना पाय घसरला की माणूस आधाराला हात टाकतो तो बाजूच्या पत्र्यावरच.

कलर कोटेड पत्रा घातलाय म्हणून निर्धास्त असलेल्यांसाठी एक गोष्ट. त्या छतातही उजेडाचे पत्रे असतात, आणि ते कच्चेच असतात. शिवाय काम चालू असताना कडेचा जो पत्रा नुसता टाकलेला असतो, बोल्ट मारायचे राहिलेले असतात, त्यावर पाय पडला की तो झोक्यासारखा उलटतो. वारा असेल तर हातातलाच पत्रा पतंग होतो.

आता भोकांकडे येतो. जुनी चिमणी काढली, भोक राहिलं. हवेवर फिरणारा गोल पंखा गंजून पडला, भोक राहिलं. माळ्यावर माल चढवायला साखळीचा कप्पा बसवला, त्यासाठी स्लॅबमध्ये चौकोन कापला, तोही भोकच. अशी भोकं आपण कशानं झाकतो? मी स्वतः पाहिलेलं सांगतो : एका शेडच्या छतावर चिमणीच्या भोकावर कुणातरी भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स ताणून चार विटा ठेवल्या होत्या. पावसापुरतं ते झाकण उत्तम होतं. पण वरून बघणाऱ्याला ती जागा भरीव वाटत होती. उघडं भोक बरं म्हणावं, निदान दिसतं तरी.

प्लायवुडचं झाकण त्याहून फसवं. ते सुटं ठेवलेलं असतं. कुणीतरी साफसफाईला येतो, पडलेला प्लाय म्हणून दोन्ही हातांनी उचलतो, छातीशी धरतो आणि एक पाऊल पुढे टाकतो. प्लाय समोर धरलेला असल्यामुळे खालचं भोक त्याला दिसतच नाही. ज्या वस्तूनं त्याला वाचवायचं तीच उचलून तो खाली जातो. जगभरच्या बांधकामांवर हा अपघात इतक्या वेळा झालाय की अमेरिकेच्या नियमात भोकाच्या झाकणाबद्दल तीन गोष्टी स्पष्टच लिहून ठेवल्यात : झाकणानं त्यावर येऊ शकणाऱ्या वजनाच्या दुप्पट भार पेलला पाहिजे, ते हलणार नाही असं घट्ट बसवलेलं पाहिजे, आणि ते झाकण आहे हे त्यावर लिहिलेलं किंवा रंगानं दाखवलेलं पाहिजे. छतातल्या उजेडाच्या खिडकीलाही तिकडे भोकच धरतात. आपल्याकडे यासाठी आयएस ४९१२ हे मानक आहे. पण मानकाचा आकडा पाठ असण्याची गरज नाही. चार बोल्ट, एक चेकर्ड प्लेट आणि लाल रंगात ‘खाली भोक आहे’ एवढं पुरतं.

शिडीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे. शिडीला आपण हत्यार समजतच नाही. ड्रिल मशीनची नोंद असते, ग्राइंडरची असते, शिडी मात्र शौचालयाच्या मागे पडलेली असते. बहुतेक वसाहतींमध्ये ती आपल्याच फॅब्रिकेटरनं उरलेल्या अँगलची वेल्ड करून दिलेली असते. पायाला रबर नाही. खाली ट्रिमिक्सची गुळगुळीत फरशी, त्यावर कूलंटचा ओघळ. मग खाली एक माणूस ‘धरायला’ उभा करतात. तो दोन मिनिटं धरतो, मग मोबाईल वाजतो.

एक हिशोब करू. शेडची कड अठरा फुटांवर आहे. शिडी टेकवताना उंचीच्या एक चतुर्थांश अंतर पायथ्याशी सोडायचं, म्हणजे साडेचार फूट. त्याहून उभी लावली तर माणूस मागे जातो, त्याहून पसरट लावली तर शिडीचा पाय सरकतो. आणि वर, जिथे उतरायचं त्या कडेच्या पुढे शिडी निदान तीन फूट गेली पाहिजे, म्हणजे शिडीवरून छतावर पाय टाकताना हाताला धरायला काहीतरी राहतं. हे सगळं जुळवलं तर अठरा फुटी शेडला बावीस फुटी शिडी लागते. तुमच्याकडची मोजून बघा. माझ्या अनुभवात ती अठरा फुटीच असते, किंवा सोळा फुटी, आणि खाली एक लाकडी खोकं असतं. मग माणूस शेवटच्या पावठीवर उभा राहतो, पोट पत्र्याच्या कडेवर टेकवतो आणि स्वतःला वर ओढून घेतो. परत उतरताना त्याला न बघता मागे पाय सोडून ती पावठी शोधायची असते. शिडीवरचा सगळ्यात वाईट क्षण हाच, चढण्या-उतरण्याच्या मधला नाही, तर शिडी सोडून छत धरण्याचा. म्हणून शिडीचं वरचं टोक बांधायचं. सुतळीनं नाही, दोरानं किंवा क्लॅम्पनं. सुतळी उन्हात कुजते हे घरात वाळवणाची दोरी बांधणाऱ्या बाईलाही माहीत असतं.

हातात काही घेऊन चढायचं नाही. डांबराचा डबा, ड्रिल, पत्र्याचा तुकडा, सगळं नंतर दोरीनं वर ओढून घ्यायचं. त्या पोरानं एका हातात डबा घेतला होता आणि मी खाली उभा राहून ते बघत होतो. ॲल्युमिनियमची शिडी असेल तर शेडशेजारून जाणारी विजेची लाईन आधी बघायची. आपल्या वसाहतींत ती बऱ्याचदा पन्हळीच्या हातभर अंतरावरून जाते. आणि ती घोडी, दुपाखी शिडी, जिच्यावर उभं राहून रंगारी दोन्ही पाय आळीपाळीनं ढकलत तिला भिंतीकडेनं चालवत नेतात. ते कौशल्य बघायला गंमत वाटते, पण तिच्या मधली साखळी तुटून तिथे वायर गुंडाळलेली असते, ती एकदा जाऊन बघा. शिडी वर जाण्याची वाट आहे. तिच्यावर उभं राहून अर्धा दिवस काम करायचं असेल तर ती शिडीचं काम नाही, परांचीचं आहे.

तुमच्यातले काही जण म्हणतील, आम्ही बेल्ट दिलेत. दिले असतील. कपाटात पिशवीसकट आहेत, ऑडिटच्या दिवशी निघतात. पण समजा तुमच्या माणसानं हार्नेस चढवला. हुक कुठे लावणार? पोरं पत्रा धरून ठेवणाऱ्या जे-बोल्टला लावतात, कारण छतावर दुसरं काही वर आलेलंच नसतं. जो बोल्ट गंजून पत्रा गळायला लागलाय, त्याच बोल्टला माणूस टांगायचा.

आणि समजा बोल्टऐवजी चांगली मजबूत जागा मिळाली, पण ती पायाच्या पातळीवर आहे. माणूस पडला. सहा फुटांची दोरी पूर्ण ताणली जाते. मग तिच्यातला झटका शोषणारा भाग उसवत जातो, तो पावणेसहा फुटांपर्यंत लांबू शकतो. पाठीवरच्या हुकापासून माणसाचे पाय पाच फूट खाली. शिवाय पायाखाली तीन फुटांची मोकळीक तरी हवी. बेरीज करा, वीस फूट होतात. तुमचं शेड अठरा फुटांचं, आणि खाली सहा फुटी मशीन उभं. बेल्ट घातलेला, हुक लावलेला, सगळे नियम पाळलेला माणूस मशीनवर आदळणार. हे गणित बेल्ट विकणारा सांगत नाही, आणि आपण विचारत नाही. पडताना वेळही नसतो : अठरा फुटांवरून माणूस साधारण एका सेकंदात खाली येतो आणि ताशी सदतीस किलोमीटरच्या वेगानं आदळतो. मोटरसायकलनं त्या वेगात भिंतीवर जायला कुणी सांगितलं तर आपण त्याला वेडा म्हणू.

मी बेल्टच्या विरोधात नाही. हुक अडकवायला डोक्याच्या वर ताणलेली लाईफलाईन असेल आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत उतरवायची सोय असेल तर बेल्टसारखं दुसरं काही नाही. पण बुटक्या शेडात बेल्टचा क्रम शेवटचा आहे.

पहिला क्रम कशाचा? वर न जाण्याचा. गळती खालून शोधता येते. पाऊस चालू असताना टॉर्च घेऊन खालून बघितलं तर वर फिरण्यापेक्षा जास्त कळतं. पत्रा खालून बदलता येतो, चाकांची परांची किंवा भाड्याची सिझर लिफ्ट लावून. मशीन हलवावं लागतं, अर्धी पाळी जाते, हे मला कबूल आहे. तरीही आधी हा प्रश्न विचारा.

वर जायलाच लागलं तर फळीशिडी. दीड फूट रुंद, आडव्या पट्ट्या ठोकलेली, किमान तीन पर्लिनांवर टेकेल इतकी लांब, वरच्या टोकाला आढ्यावर अडकणारा आकडा. अशा दोन तरी हव्यात. एकीवर उभं राहून दुसरी पुढे सरकवायची. पाय फळीवर, पत्र्यावर कधीच नाही. खाली जाळी ताणलेली असेल तर आणखी बरं. आणि खालची जागा मोकळी, दोरी बांधून, कारण पडणारा पत्राही माणूस मारतो. सिमेंटचे जुने पत्रे उतरवताना ते फोडू नका, कोरडे कापू नका; त्यातल्या ॲस्बेस्टॉसची धूळ पडण्याइतकी लगेच मारत नाही, एवढाच फरक.

फायबरच्या पत्र्यांखाली पर्लिनला वेल्डमेशची लोखंडी जाळी बसवून घ्या. एकदाच करायचं काम आहे. उजेड अडत नाही, माणूस अडतो. आणि एखाद्या सुट्टीच्या दिवशी खाली उभं राहून, उजेड कुठून येतोय ते बघत, छताचा साधा नकाशा काढा. कुठे फायबर, कुठे भोक, कुठे ठिगळ. तो शिडीजवळ लावा. आमच्या कारखान्यात हा नकाशा काढायला दोन तास लागले, अपघातानंतरच्या रविवारी.

कायद्याबद्दल थोडक्यात. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३२ मध्ये उंचीवर काम करणाऱ्याला पडण्यापासून वाचवण्याची, आणि कलम ३३ मध्ये जमिनीतले खड्डे व भोकं झाकण्याची वा कुंपण घालण्याची जबाबदारी होती. आपण ‘तो ठेकेदाराचा माणूस होता’ म्हणतो ना, त्याच कायद्यातली कामगाराची व्याख्या वाचा : ठेकेदारामार्फत आलेला, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, तो कामगारच धरलेला होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता लागू झाली. जुन्या कायद्यात सुरक्षेचे नियम मोडल्यामुळे झालेल्या मृत्यूसाठी दंड किमान २५,००० रुपये होता, नव्या संहितेत तो किमान ५ लाख आहे किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि दंडातली निम्मी तरी रक्कम वारसांना द्यायला कोर्ट सांगू शकतं. भरपाई वेगळी. तिचं सूत्र जुनंच : महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला वयानुसार ठरलेला आकडा गुणायचा. तीस वर्षांच्या माणसाला तो २०७.९८. पगार १५,००० धरला तर १५,५९,८५० रुपये. दोन फळीशिड्यांचा खर्च तुम्ही तुमच्या फॅब्रिकेटरला विचारा.

एक मात्र खरं, की विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी नव्या संहितेत कामगारांची मर्यादा दहावरून वीसवर गेली. दहा ते एकोणीस माणसांची कितीतरी शेडं तिथल्या ‘कारखाना’ या व्याख्येत बसत नाहीत. आणि छताची कामं करणाऱ्या तिघा-चौघांच्या टोळ्या कुठल्याच यादीत नसतात. आता त्यात सोलरवाले आलेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली तेव्हापासून घरांच्या छतांवर आणि मागोमाग आपल्या शेडांवरही पॅनेल चढतायत. ती पोरं वायरिंगमध्ये हुशार आहेत, पण जुना पत्रा त्यांनी कधी बघितलेला नाही. त्यांना तुमच्या छताचा नकाशा तुम्हीच द्यायचा.

पडून मरणं ही मागासलेल्या देशांचीच गोष्ट आहे असंही समजू नका. ब्रिटनमध्ये २००५ पासून उंचीवरच्या कामाचे स्वतंत्र नियम आहेत, तरी २०२३-२४ या वर्षात तिथे कामावर १३८ जण गेले त्यातले ५० उंचीवरून पडून. फरक इतकाच की तिथे आकडा मोजला जातो, त्यामागे कारण लिहिलं जातं, आणि ‘निष्काळजीपणा’ एवढंच लिहून वही मिटत नाही.

आता संघटनांना माझी मागणी. दर ४ मार्चला आपण राष्ट्रीय सुरक्षा दिन करतो. बॅनर लागतात, शपथ होते, पोस्टर स्पर्धेत इन्स्पेक्शन विभागातल्या मुलीला पहिला नंबर मिळतो. मी ती शपथ सव्वीस वेळा घेतलीय. यंदा शपथेसोबत प्रत्येक वसाहतीच्या संघटनेनं छताचा एक सामायिक संच घ्यावा : चार फळीशिड्या, एक बावीस फुटी शिडी रबरी पायांची, एक जाळी, लाईफलाईनचा दोर, चाकांची परांची. गावात लग्नाची भांडी जशी सामायिक असतात तशी. ज्याला लागेल त्यानं नोंद करून न्यावी. एकट्या दहा माणसांच्या वर्कशॉपला हे परवडत नाही हे मला कळतं, पण दोनशे शेडांच्या वसाहतीला परवडत नाही असं कुणी म्हणू नये.

आणि मालकांना एकच. पत्र्यावर माणूस चढायच्या आधी एक चिठ्ठी करा. तारीख, कोण चढणार, कशासाठी, फळी आहे का, पत्रे कोरडे आहेत का, खाली कोण. अर्धं पान. त्यावर सही तुमची, सुपरवायझरची नाही. मला वाटतं सही करायला पेन हातात घेतल्यावर निम्म्या वेळा तुम्हीच म्हणाल, राहू दे, खालनं बघू. सुपरवायझर हे म्हणू शकत नाही. त्याच्या डोक्यावर मशीनच्या डाऊनटाईमची घडी असते. मी त्याच जागेवर होतो, म्हणून सांगतो.

‘दोन मिनिटांचं काम आहे’ यावर तर मी काय बोलू. आमचंही दोन मिनिटांचंच होतं.

मागच्या महिन्यात त्याच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. हे पत्र लिहितोय असं सांगितलं आणि विचारलं, तुझी गोष्ट घालू का. तो म्हणाला, घाला, पण नाव नको. मग मशीनचं झाकण उघडत म्हणाला, "साहेब, ती नोंदवही अजून असंल का? त्यात काय लिवलंय ते मला एकदा बघायचंय." वही जुन्या कंपनीच्या रेकॉर्ड रूममध्ये असणार, मी निवृत्त झालोय. तरी अर्ज केलाय.

निवृत्तीनंतर मी भाच्याच्या वर्कशॉपमध्ये बसतो. तिथे आम्ही दोन फळीशिड्या करून ठेवल्यात, सागवानी नाहीत, साध्या पाईनच्या, आकडे बारा एमएमच्या गजाचे. आजूबाजूच्या शेडवाल्यांनी न्याव्यात, भाडं नाही. फक्त मृग लागायच्या आत परत आणून द्या, कारण त्यानंतर ओल्या पत्र्यावर मी त्या कुणालाच देणार नाही.

आपला,
एक निवृत्त मेंटेनन्स सुपरवायझर